एक फेरी मारून बघा

१

जुनी गाडी घ्यायची तर आधी तिच्या मालकाचे पाय बघावेत, असं कानमास्तरांचं म्हणणं होतं. मालक समोर नसला तरी बिघडत नाही. त्याचे पाय पेडलवर उमटलेले असतात.

लोक त्यांना कानमास्तर म्हणायचे, कारण इंजिन तपासताना ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस उभ्या उभ्या झोपला. मग डोळे उघडून ते सांगत, "दुसऱ्या पिस्टनला खोकला झालाय," आणि तो खरोखरच झालेला असे. जन्मभर गॅरेजात हात काळे केल्यावर आता ते दुसऱ्यांसाठी जुन्या गाड्या पारखून द्यायचे. विकणाऱ्याचं मन राखायला एक शब्द नाही, घेणाऱ्याला खूश करायला एक शब्द नाही. वहीत उतरलं ते काळ्या दगडावरची रेघ.

त्यांची एक पद्धत होती. आधी गाडीत नुसतं बसायचं. सीट पुढेमागे करायची नाही, आरसा हलवायचा नाही, किल्ली लावायची नाही. "आधी गाडीला बोलू द्या, मग आपण तोंड उघडू." पेडल, स्टिअरिंग, सीटच्या शिवणी बघून ते वहीत गाडीच्या माणसांबद्दल चार ओळी लिहीत. 'चालवणारा जाडा. सदा घाईत. शेजारी कोणी बसत नाही. मागे कुत्रा.' घेणारे हसत. पुढे कधी मालक भेटला की तो जाडा, घाईतला, एकटा असे, आणि मागून कुत्रं उतरे. मग कोणी हसत नसे.

आज मात्र घेणारी घरचीच होती. त्यांची लेक.

लेकीला ते चिमटी म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती की नर्सने हातात ठेवली तरी हात रिकामाच वाटावा. आता सव्वीस वर्षांची, चांगली उंचीपुरी, घरं रंगवण्याची कामं घेणारी. नखांत कायम कुठला ना कुठला रंग. दोन जोडीदारणी, चार शिड्या आणि डबे एवढा संसार रोज भाड्याच्या गाडीने हलवून ती वैतागली होती. तिला स्वतःचा छोटा पिकअप हवा होता, जुना का होईना.

"बाबा, तू माझा बाप म्हणून बघू नकोस," ती घरून निघतानाच म्हणाली होती. "तू परका म्हणून बघ. जे असेल ते लिही."

"परक्याला मी फुकट सांगत नाही," मास्तर म्हणाले आणि वही खिशात घातली.

२

गाड्यांचं आवार गोदामांच्या रस्त्यावर होतं. पत्र्याचं कुंपण, आत रांगेने उभ्या पंचवीस-तीस गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर चुन्याने लिहिलेला आकडा. दलाल फाटकाशीच खुर्ची टाकून बसला होता. मास्तरांना बघून त्याचा चेहरा उतरला.

"आलात? म्हणजे आज माझ्या गाड्यांची अब्रू जाणार."

"असेल तर जाईल," मास्तर म्हणाले. "पिकअप कुठाय?"

"तिकडे, भिंतीला. ताईंनी फोटो बघूनच पसंत केलाय. तुम्ही फक्त मोडता घालू नका."

पिकअप दिसला आणि मास्तर चालता चालता थांबले. काडेपेटीच्या आकाराचं केबिन, मागे आखूड हौदा, दोन गोल दिवे. रंग करडा. सत्तावीस वर्षांपूर्वीचं मॉडेल. याच मॉडेलसाठी, याच रंगासाठी त्यांनी एकदा दुकानात नाव घातलं होतं.

तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि बायको सत्तावीसची. दोघांचा बेत पक्का होता: पिकअप घ्यायचा, हौद्यात अवजारं भरायची आणि गावोगाव फिरतं गॅरेज चालवायचं. ते बोल्ट सोडणार, ती शेजारी बसून वाट दाखवणार. एका जागी राहायचा तिला मनस्वी कंटाळा. नकाशे घेऊन बसायची, कुठलं वळण घ्यायचं यावर स्वयंपाकघरात भांडायची. मग दिवस राहिले. डॉक्टरने सांगितलं, हृदय नाजूक आहे, बाळंतपण झेपेलच असं नाही, विचार करा. बाहेर बाकावर बसून मास्तर तिला म्हणाले होते, "नको. आपण दोघंच बरे."

ती हसली होती. "तुला विचारलं कोणी?"

चिमटी झाली आणि नवव्या दिवशी बायको गेली. दुकानात जाऊन मास्तरांनी नाव काढून घेतलं. तो "नको" त्यांनी कोणालाही, चिमटीला तर कधीच, सांगितला नव्हता. लेकीवर जीव ओवाळून टाकणारा बाप म्हणून लोक त्यांचं कौतुक करत आणि ते मान खाली घालत.

"काय झालं?" चिमटीने विचारलं.

"काही नाही. ओळखीचं मॉडेल आहे," मास्तर म्हणाले. त्या मॉडेलच्या हजारो गाड्या निघाल्या होत्या. एखादी समोर येणारच.

३

दार उघडून ते आत बसले आणि हात मांडीवर ठेवले.

पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती अशी की काहीच अडत नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की गुडघा कुठेतरी लागतो, पाठ कुठेतरी अधांतरी राहते, आरशात आपलंच कपाळ दिसतं. इथे पाठ जिथे टेकायची तिथे टेकली. आरशात मागचा रस्ता सरळ, अख्खा. आपल्या उंचीचा माणूस, त्यांनी मनात नोंद केली. मध्यम उंची हा काही गुन्हा नाही, अर्धं जग मध्यम उंचीचं आहे.

मग ते वाकले आणि पाय बघितले.

ब्रेकचं रबर सारखं झिजलं होतं. ॲक्सिलेटरचंही. क्लचचं मात्र एका कडेनेच घासून पार धातू लागला होता, आणि खालच्या चटईला टाचेने भोक पाडलं होतं ते भलत्याच जागी, तिरपं. डावा पाय बाहेर फेकून चालवणारा माणूस. मास्तरांचाही डावा पाय तसाच होता. शिकाऊ असताना जॅक निसटून घोट्यावर बसला तेव्हापासून टाच आत आणि चवडा बाहेर. त्यांनी पाय उचलून क्लचवर ठेवला. झिजलेल्या जागेत तो असा बसला, जसा रोजच्या चपलेत बसावा.

जॅक काय फक्त माझ्याच पायावर पडला होता, त्यांनी स्वतःला विचारलं. धंद्यातल्या निम्म्या लोकांचे पाय वाकडे असतात.

त्यांनी वही काढून सवयीने लिहायला घेतलं. 'चालवणारा मध्यम. शांत. गिअर अलगद टाकतो. डावा पाय अधू. शेजारी कायम एकच माणूस, हलक्या अंगाचं, बहुतेक बाई. दोघं खूप वर्षं एकत्र.' मग सीटच्या खाचेत बोटं घालून चाचपलं. ही त्यांची खास जागा. ज्या गाडीत मूल असतं त्या गाडीच्या खाचेत बिस्किटाचा चुरा असतो, खेळण्याचं चाक असतं, डॅशबोर्डवर बुटांचे ठसे असतात, काचेच्या कोपऱ्यात नखाने खरवडलेलं चित्र असतं. ते काही केल्या जात नाही. इथे बोटांना नुसती धूळ लागली.

'गाडीत मूल कधीच बसलेलं नाही,' त्यांनी लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही मिटली. आयुष्यात त्यांनी शेकडो वेळा ही ओळ लिहिली असेल. या वेळी ती कोणाबद्दल लिहिली हे कळायला त्यांना आणखी काही मिनिटं लागली.

४

शेजारच्या दाराच्या काचेचं हँडल लोकरीने गुंडाळलेलं होतं.

हिरवी लोकर, मळून काळपट झालेली. घट्ट, एकापुढे एक वेढे, आणि शेवटी उलट्या बाजूने मारलेली गाठ. मास्तर त्या गाठीकडे बघत राहिले. बायको डावखुरी होती आणि तिला थंड धातू हाताला लागलेला खपत नसे. कात्रीची मूठ, कुकरचा दांडा, स्कूटरचा ब्रेक, जे हाती लागेल ते ती लोकरीने गुंडाळून टाकायची. ती कात्री अजून घरात होती. चिमटी लहानपणापासून त्याच कात्रीने कागद कापत आली होती.

त्यांच्या मनाने वकिली सुरू केली: बायका लोकर गुंडाळतात, डावखुऱ्या बायका उलट गाठ मारतात, यात काय आहे? पण मन वकिली करत होतं आणि हात हँडलवर गेला होता. लोकर हाताला लागली तेव्हा त्यांना एवढं भरून आलं की दाताखाली ओठ धरावा लागला. सव्वीस वर्षांत तिच्या हाताची नवी वस्तू त्यांना दिसली नव्हती.

डॅशबोर्डच्या कडेला, शेजारी बसणाऱ्याचा हात पोचेल तिथे, बारीक बारीक खड्डे होते. अंगठी आपटून आपटून पडलेले.

ते बाहेर आले आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. तिथे तरी सगळं लोखंडच असेल, असं त्यांना वाटलं. टॉर्च फिरवला. नट घट्ट केला की त्यावरून रंगाची एक रेघ मारायची, म्हणजे पुढे ढिला झाला तर कळतो, ही मेकॅनिकांची जुनी रीत आहे. सगळे एक रेघ मारतात. मास्तर दोन मारत, एक लांब आणि एक आखूड, उगाच, ऐटीखातर. खालच्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाच्या दोन रेघा होत्या. काही जुन्या, काही ताज्या. वर्षानुवर्षं कोणीतरी या गाडीखाली त्यांच्यासारखंच पाठीवर झोपलं होतं.

"बाबा, उडी मारू का?" वरून चिमटीचा आवाज आला.

हे काम तिचं होतं. हौद्यात चढून दोन उड्या मारायच्या आणि मास्तरांनी खालून स्प्रिंगचे पाटे किती दबतात ते बघायचं. पाच वर्षांची असल्यापासून ती त्यांच्याबरोबर हे करत आली होती.

"मार."

हौद्याच्या पत्र्यावर धाडकन आवाज झाला. पुन्हा झाला. पाटे तसूभर हलले नाहीत.

"मारलीस का?"

"दोन मारल्या की! झोपलास का खाली?"

पाटे गंजून धरले असतील, मास्तरांना वाटलं. ते बाहेर आले आणि एका हाताने हौद्याचा कोपरा दाबला. गाडी मऊ दबली, वर आली आणि थांबली. चिमटी वर उभी होती, कमरेवर हात, गालावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. पंचावन्न किलोची धडधाकट पोर.

"खाली उतर," ते म्हणाले.

५

"ही आणली कोणी?" त्यांनी दलालाला विचारलं.

"मालकीणबाईंनी. मालक गेल्या वर्षी गेले म्हणे. एकच मालक, कागद स्वच्छ."

"कशा होत्या दिसायला?"

दलालाने भुवया उंचावल्या. "आता बाईमाणसाचं मी काय वर्णन करू? पन्नाशीच्या असतील. बारीक. फार घासाघीस केली नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, जो कोणी बघायला येईल त्याला एक फेरी मारू द्या. विकली नाही गेली तरी चालेल."

"स्वतः चालवत आल्या?"

"हो." मग दलाल घुटमळला. "नाही हो. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, त्या शेजारच्या दाराने उतरल्या. चालवणारा... तो असेलच की. आपोआप थोडीच येते गाडी? मी फोनवर होतो, लक्ष नव्हतं." त्याने किल्ली पुढे केली. "तुम्ही एक फेरी मारून बघा. इंजिन ऐकाल तर खूश व्हाल."

चिमटी तोवर शेजारच्या सीटवर चढून बसलीही होती. मास्तर स्टिअरिंगकडे वळले तोच ती घाईने उतरली.

"काय गं?"

"सीट गरम आहे."

"उन्हात उभी आहे गाडी."

"उन्हाची गरम नाही, बाबा. बसमध्ये कोणी उठून गेल्यावर असते तशी." तिने स्वतःलाच हसून हात झटकले. "आणि मी बसले तर मला दाटल्यासारखं झालं. तूच जा. मी फाटकाशी चहा घेऊन उभी राहते. गोदामांना वळसा घालून ये, म्हणजे मला येताना आवाज ऐकता येईल. मीही थोडं शिकलेय म्हटलं तुझ्याकडून."

त्याच वेळी मास्तरांनी "नको" म्हणायला हवं होतं. चल घरी, दुसरी बघू, एवढंच. त्यांना ते कळत होतं. कळत असूनही त्यांनी किल्ली घेतली, कारण त्यांना जायचं होतं.

६

इंजिन पहिल्याच हाकेला सुरू झालं. मास्तर फाटकाबाहेर पडले आणि गोदामांच्या रस्त्याला लागले.

लांबच लांब भिंती, बंद शटर, मध्येच सिमेंटचं दुकान, पुढे पाण्याची टाकी, तिथून वळण, पुन्हा भिंती आणि परत फाटक. जेमतेम दहा मिनिटांचा फेरा. दुपार कलली होती, चारचा सुमार. ते ऐकत होते. पिस्टन चारही एका सुरात. टप्पेट स्वच्छ. बेअरिंगचा आवाज नाही. आणि या सगळ्याखाली, इंजिनाशी काही संबंध नसलेला, संथ, आत-बाहेर होणारा एक आवाज. खिडकी पूर्ण लागत नसेल, त्यांनी ठरवलं. वारा येत असेल.

टाकीच्या वळणावर गाडी शेजारच्या बाजूला कलली. शेजारी माणूस असताना कलावी तेवढीच.

त्यांनी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी करडं होतं, मांडीवर ठेवलेल्या हातासारखं. वळून बघितलं तर सीट रिकामी असेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ती रिकामी असलेली त्यांना नको होती.

"तिसरा गिअर जरा अडतो," ते म्हणाले. चाचणीच्या वेळी ते नेहमीच मोठ्याने बोलत. पण आवाज चाचणीचा नव्हता. रात्रीच्या जेवणाला बसलेल्या माणसाचा होता.

संथ आवाज एक क्षण थांबला. कोणी ऐकायला लागलं की थांबतो तसा.

मग त्यांना धीर निघेना. ते बोलत सुटले. गॅरेज बंद केलं ते सांगितलं. गुडघा दुखतो ते सांगितलं. तू गेल्यावर नकाशे मी जाळले, चुकलं माझं, म्हणाले. तुझ्याशी भांडायला फार आवडायचं, तेव्हा सांगितलं नाही. बोलता बोलता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते, आणि रस्ता चाकांखालून लोण्यासारखा सरकत होता. एवढं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर राहिलीच," ते म्हणाले. "आपली..."

पुढचा शब्द आला नाही. त्यांनी आठवून बघितलं. काहीतरी होतं, महत्त्वाचं, जिभेच्या टोकावर. रंगाशी संबंधित होतं का? घर रंगवायचं होतं का?

"जाऊ दे," ते म्हणाले. "आठवेल."

समोर फाटक आलं. फाटकाशी एक मुलगी उभी होती, हातात दोन चहाचे पेले, गालावर पांढरा ठिपका. तिने पेला उंचावून हाक मारली. छान आहे पोर, मास्तरांना वाटलं. कुणाची तरी वाट बघतेय बिचारी. तिच्याकडे बघून ते ओळखीचं हसले, चौथा गिअर टाकला आणि पुढे गेले.

पुन्हा भिंती. पुन्हा सिमेंटचं दुकान. शेजारचा आवाज आता भरभर होत होता. मास्तरांना तो ऐकू येत होता, पण त्यांना काळजी वाटत नव्हती. आता आपण दोघंच. असंच जायचं. टाकीशी न वळता सरळ गेलं तर पुढे मोठा रस्ता लागतो, तिथून कुठेही जाता येतं. त्यांनी वेग वाढवला.

डॅशबोर्डवर अंगठी आपटली. एकदा. मग पुन्हा, जोरात.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. स्कूटरवर मागे बसून ती त्यांच्या हेल्मेटवर असंच वाजवायची. थांब म्हणजे थांब, कारण नंतर. गाडी टाकीच्या अलीकडे थांबली. शेजारचं दार उघडलं आणि गाडी त्या बाजूने हलकी होऊन वर आली.

"नको," मास्तर म्हणाले. पुढे बघतच म्हणाले. "नको ना. आपण दोघंच बरे."

दार लागलं.

तेव्हा त्यांनी आरशात बघितलं. रस्त्याच्या कडेने एक बाई मागे चालली होती, फाटकाच्या दिशेने. केस आखूड आणि पांढरे, एक हात कमरेवर, चाल जराशी थकलेली. म्हातारपण तिला इतकं शोभत होतं की ते बघतच राहिले. पन्नाशीतली ती कशी दिसली असती, याची त्यांनी कधी कल्पनाही केली नव्हती. धैर्यच झालं नव्हतं. तिने मागे वळून बघितलं नाही. रागावलेली असली की ती बघत नसे.

ते दार उघडून खाली उतरले, तो अधू पाय ओढत चार पावलं धावले. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे भिंती, आडोसा कुठेही नव्हता. रस्त्यावर कोणी नव्हतं. आणि त्या मोकळ्या रस्त्यावर उभं असताना तो शब्द परत आला.

चिमटी.

७

गाडी कशी वळवली, कशी आणली, ते त्यांना पुढे आठवलं नाही. फाटकाशी चिमटी उभी होती. पेले तिने कुंपणाच्या दगडावर ठेवले होते. मास्तर उतरले आणि सरळ जाऊन त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले. दाबून बघितले. खांदे होते. हाडाचे, उबदार.

"नको घेऊस ही," ते म्हणाले. "गिअरबॉक्स गेलाय."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या गाडीबद्दल खोटं सांगितलं. मागे दलालाने कपाळावर हात मारला.

चिमटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, इंजिन तपासताना ते बघत तसंच, घाई न करता. तिच्या पापण्या ओल्या होत्या.

"मी हाका मारत होते," ती म्हणाली.

"ऐकू नाही आल्या गं. इंजिनाचा आवाज..."

"तू माझ्याकडे बघितलंस, बाबा."

मास्तरांनी तिचे खांदे सोडले नाहीत. काय सांगावं? की मला तुझी आई भेटली आणि मी तुला विसरलो? की तू जन्मायच्या आधीही मी हेच केलं होतं? सांगितलं तर ती सहन करेलही. तिची आई तशीच होती. पण त्यांची छाती झाली नाही.

"ऊन डोळ्यांवर आलं होतं," ते म्हणाले. "तू दिसलीच नाहीस."

चिमटीने रस्त्याकडे बघितलं. तेव्हा मास्तरांच्याही ध्यानात आलं की सूर्य पार गोदामांच्या छपरांना टेकला होता, आणि ते निघाले तेव्हा नुकते चार वाजले होते.

"पाचही वेळा?" तिने विचारलं. "पाच वेळा माझ्यासमोरून गेलास. पाचही वेळा हसलास."